तानी कणगी ढकलते

७ डिसेंबर ९७, रविवार

ही वही मुनाफचाचाच्या जव्हारच्या दुकानातली. शिवणकामाच्या मापांची. प्रत्येक पानावर वरती छापलंय, उंची, छाती, कंबर, बाही. त्यांच्याकडे दोन वर्षं काज-बटणं केली तेव्हा मागून घेतली होती. नंतर मन लागेना म्हणून ते काम सोडलं. त्याआधी खडी मशीन सोडलं. त्याच्याही आधी चौथीनंतर आश्रमशाळा सोडली. कमू म्हणते, तू एक दिवस मलापण सोडशील. मी म्हटलं, तुला सोडून जाऊ कुठं, चूल तुझ्याकडं.

आता पुढच्या रविवारी गुजरातेत वेरावळला निघायचंय, मासेमारीच्या बोटीवर. दर्यावर अक्षरं विसरतील म्हणून लिहायला बसलो.

काल पाड्यावर मेंबरबाई आल्या. पोरांच्या उपासमारीसाठी सरकारनं समिती नेमलीय, त्या तिच्या मेंबर. साठीच्या पुढच्या, जाड भिंगाचा चष्मा, गुडघे धरलेले. जीप ओढ्यापाशीच थांबली, तिथून चढ चढत आल्या. सकूआजी म्हणाली, "बाई रस्ता चुकली काय? गाड्यांची माणसं शिरपामाळ फिरायला येतात नि तिथूनच परत जातात." मला वाटलं बाई रागावणार. त्या हसल्या आणि सकूआजीच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

आंब्याच्या फांदीला काटा टांगून पोरांची वजनं घेतली. आमची तानी सव्वा वर्षाची. पाच किलो आठशे. तिला झोळीत घालून आकड्याला अडकवली तेव्हा कमूनं तोंड फिरवलं. थोरल्याला पण असंच टांगलं होतं, तीन पावसाळ्यांमागं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही.

बाईंनी कागदावर तीन गोष्टी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. विचारलं, वाचता कोणाला येतं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उभा राहून मोठ्यानं वाचलं. एक, उद्यापासून पाड्यावर केंद्र, पोरांना दोन वेळा खिचडी. दोन, मृगाच्या आधी प्रत्येक घराला नागली-वरईचं चांगलं बी. तीन, जूनपासून शिक्षक. नऊच्या नऊ घरांनी ऐकलं. वाचताना छाती भरून आली होती.

जाताना बाईंनी कमूला सांगितलं, नागली भिजवून मोड काढ, वाळवून दळ, त्याची आंबील पोरीला दे, औषधापेक्षा गुणकारी.

कमू म्हणाली, "बाई, खायची नागली माघात संपते."

"तोवर केंद्र आहे ना," बाई म्हणाल्या.

९ डिसेंबर

आज कमूनं बी भरलं. भरघोस कणसं वेगळी काढून ठेवली होती, ती पायानं मळली, पाखडली, राख चोळली म्हणजे कीड लागत नाही, आणि चुलीजवळच्या लहान कणगीत ओतलं. तोंड शेणानं लिंपायचं. ते मग मृगालाच उघडायचं. मधे कोणी मरो की जगो, बियाला हात नाही. बाप सांगायचा, एका सालात त्यांनी कडू कंद उकडून दिवस काढले पण कणगी फोडली नाही.

मी आपलं मजेत म्हटलं, "एवढी कशाला जपतेस? सही-शिक्क्याचा कागद आहे. मृगाआधी सरकारचं बी दारात येणार. हे खाल्लं तरी चालेल."

तिचा शेणाचा हात थांबला. "खरंच येणार?"

"मी वाचलं ना."

तिनं तोंड लिंपलं.

१४ डिसेंबर

निघालो. तानी झोपलेली होती, उठवली नाही. बांधापर्यंत कमू आली. मी म्हटलं, "कणगीकडं लक्ष ठेव."

ती म्हणाली, "तानीकडं ठेवीन."

११ जानेवारी ९८

चार आठवड्यांत आज पहिल्यांदा वही उघडली. पहिले आठ दिवस नुसत्या वांत्या. बोटीचा मुख्य, तांडेल, म्हणाला, डोंगरातला माणूस, सवय होईल. झाली. दिवसात चार वेळा जाळं टाकायचं, ओढायचं, मासळी निवडायची, बर्फात घालायची. बोटीवर एक उमेश म्हणून आहे, मोखाड्याकडचा, सातवी नापास. म्हणतो, मी तुझ्यापेक्षा तीन वर्गांनी नापास. त्याच्यामुळं दिवस जातो.

इथं पोटभर भात. कालवण इतकं की उरतं, ते समुद्रात. पहिल्यांदा ओतलं तेव्हा मी तांडेलचा हात धरला होता. सगळे हसले. अजून ते बघवत नाही, मी तोंड दुसरीकडं करतो.

जवळा वाळवून ठेवतोय, तानीसाठी. कोणी जव्हारकडं जाणारा भेटला की पाठवीन.

५ फेब्रुवारी

बंदरात आलो. मुनाफचाचाच्या दुकानात आता टेलिफोन आहे, तिथं लावला. त्यांच्या बायकोनं, अकिलाचाचीनं उचलला.

"अरे जैतू! जिंदा आहेस का? मी समजली मच्छीनं खाल्ला तुला!"

कमू बाजाराला आली की दुकानात थांबून निरोप ठेवते. निरोप असा, केंद्र चालू आहे, ठकीताई खिचडी शिजवते, तानी दोन वाट्या खाते. मी तिथंच बंदरावर मेंबरबाईंना हात जोडले. एका माणसाच्या सहीत किती ताकद असते.

२७ फेब्रुवारी

चाची म्हणाली, "ठकीकडं डाळ-चावल आलाच नाही म्हणे. वीसेक दिवस झाले."

मी म्हटलं, येईल. रस्ता खराब, गाडी कुठं तरी अडकली असेल. सही झालेली आहे.

मागच्या वेळी निरोप ठेवला होता की बी कसं आहे ते कळव, कणगीला उंदीर तर लागले नाहीत ना. त्यावर कमूचं उत्तर आलं, तानी धरून उभी राहते. मी विचारलं काय, ती सांगते काय. पण आनंद झाला. उभी राहते.

२४ मार्च

आज लिहायला हात शिवशिवतो आहे. चाची फोनवर म्हणाली, "तुझी पोरगी आली होती. गालाला गाल आलेत. चालते! माझ्या दुकानात गजाला धरून चालली. कपड्यांना सगळी राख लागलेली, मी कमूला बोलली, अगं चुलीत झोपवतेस का हिला? ती नुसती हसली. आणि सांगायला लावलंय, तानी कणगी ढकलते."

तानी कणगी ढकलते! डिसेंबरात मान धरत नव्हती नीट. केंद्राचा धान्यपुरवठा परत चालू झाला असणार, दुसरं काय.

उमेशला सांगितलं. तो जाळं विणत होता.

"केवढी कणगी?"

"माझ्या मांडीएवढी. बियानं भरलेली."

"आणि पोरगी?"

"दीड वर्षाची."

त्यानं विणायची सुई खाली ठेवली. मग म्हणाला, "तुमच्याकडची पोरं जबरी आहेत रे," आणि खाली मान घालून विणायला लागला. दिवसभर त्यानं एकही विनोद केला नाही. त्याला मूलबाळ नाही, वाईट वाटलं असेल. मी जरा जपून बोलायला पाहिजे होतं.

१६ एप्रिल

मेंबरबाईंना पत्र टाकलं. कागदावर पत्ता होता. तीन वेळा खोडून लिहिलं. लिहिलं की तुमच्यामुळं माझी मुलगी चालायला लागली. बी अजून पोचलेलं नाही असं कळतं, तर मृगाआधी बघावं. आमच्या घरचं कणगीत आहे, पण बाकी घरांसाठी विचारतो. उत्तरासाठी मुनाफचाचाचा पत्ता दिला.

पत्र टाकल्यावर वाटलं, मी आता असा माणूस झालो की जो सरकारच्या मेंबरला पत्र लिहितो. संध्याकाळपर्यंत तोच विचार.

२ मे

राब भाजले असतील आता, रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून. धुराचा वास इथं समुद्रात आल्यासारखा वाटतो. हे काम पण सोडावं असं तीन दिवस वाटतंय. सोडून करू काय ते माहीत नाही.

३० मे, जव्हार

बोटी वर ओढल्या. एसटीनं दुपारी जव्हारला पोचलो. चाचीनं चहा दिला आणि एक पोस्टकार्ड. बाईंचं. अक्षर लहान, ओळी खालून वर चढत गेलेल्या. जसंच्या तसं उतरवतो.

"चि. जैतू, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्या समितीची मुदत मार्चअखेर संपली. मी आता सदस्य नाही. बियाण्याची फाईल मंजूर आहे, पण कोणाच्या टेबलावर आहे ते मला सांगायला आता कोणी बांधील नाही. रोज फोन करते. मृगाआधी पोचेल असं वाटत नाही. पाड्यासमोर मी शब्द दिला होता, तो मोडला. केंद्राचं धान्य फेब्रुवारीत थांबलं ते कळल्यावर मी भांडले, तेही उपयोगाचं झालं नाही. मग तुझी मुलगी चालायला लागली ती माझ्यामुळं नव्हे. कोणामुळं ते घरी विचार. तिचं वजन मात्र मला कळव."

फेब्रुवारीपासून केंद्र बंद. मग पोरगी कशावर वाढली? मुनाफचाचाला विचारलं. ते म्हणाले, "घरी जा बेटा." चाचीनं कात्रीकडं बघितलं.

बाईंचा राग आला. मुदत संपते म्हणजे काय, शब्दाला मुदत असते का? बाकीची घरं आता काय पेरणार? आपलं तरी कणगीत आहे. आता निघतो, चढ चढायचाय.

३१ मे

काल पुढचं लिहिलं नाही.

पोचलो तेव्हा तानी घरात होती. मला ओळखलं नाही. माझ्याकडं बघत चुलीजवळ गेली, लहान कणगीला दोन्ही हातांनी धरलं आणि सरसर ढकलत दारापर्यंत आली. मुलं गाडा ढकलतात तशी. कणगीचं तोंड उघडं. आत चिंध्यांची बाहुली.

मी कमूला विचारलं, "बी कुठं काढून ठेवलंस?"

ती पाण्याचा हंडा उतरवत होती. हंडा ठेवला, आली आणि तानीच्या डोक्यावर हात ठेवला.

"हिच्यात," म्हणाली.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. आईबापाचं काढलं. बी खाणारी बाई कधी ऐकली नाही म्हटलं. तानी रडायला लागली, मला घाबरून. तेवढ्यात शेजारची गोदी दारात आली.

"ओरड ना. पण एकट्या कमूवर का? माझीपण रिकामी आहे. सगळ्या घरांत जाऊन ओरड, नऊ घरं आहेत. घसा बसला की पाणी देते."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. ठकीची चूल बंद झाली तशी आधी हिनं फोडली, मग आम्ही. कागद तूच वाचला होतास ना उभा राहून?"

मी बाहेर पडलो. ओढ्यात पाणी नव्हतं, दगडावर बसून राहिलो.

१ जून

सकाळी वही मागं मागं उलटली. बाईंनी काय लिहिलं होतं, किती खोटं बोलल्या, ते शोधायला. ७ डिसेंबरचं पान वाचलं. पुढं ९ डिसेंबरचं होतं.

"हे खाल्लं तरी चालेल." माझंच अक्षर. "मी वाचलं ना."

मी विसरलो होतो. बोटीवर पाच महिने वही उशाशी होती, पण ते पान कधी उलटलं नाही.

कमू राबावर ढेकळं फोडत होती. तिथं जाऊन ते पान तिला वाचून दाखवलं. तिनं कुदळ थांबवली नाही. म्हणाली, "मला पाठ आहे."

मग तिनंच सांगितलं. ठकीकडचं धान्य संपल्यावर आठ दिवस वाट बघितली. तानी पुन्हा मान टाकायला लागली, थोरल्यासारखी. तेव्हा एका सकाळी तोंड फोडलं. रोज एक मूठ. राख धुवायची, भिजवायची, मोड आणायचे, बाईंनी सांगितलं तसंच.

"पहिली मूठ दोनदा परत टाकली मी," ती म्हणाली. "मी बियाला म्हटलं, कागदावर सही आहे, तुझ्या जागी दुसरं येतंय. तू हिला उभी कर."

"मला का नाही कळवलंस?"

"कळवलं की. तानी कणगी ढकलते म्हणून. चौथी शिकलेला तू, एवढं नाही कळलं?"

मग कुदळ टेकवून म्हणाली, "पाड्यात यंदा किती पोरं गेली, ते विचारलंस का तू आल्यापासून?"

मी नव्हतं विचारलं. मनात एकेक घर मोजलं. गेल्या पावसाळ्यापर्यंत दरसाल दोन-तीन जायची. आल्यापासून मी सगळी पोरं बघितली होती, ओढ्यात, आंब्याखाली. सगळीच्या सगळी होती.

२ जून

सगळे सकूआजीच्या अंगणात जमलो. पुरुष म्हणाले जव्हारला कचेरीत जाऊ. मी पोस्टकार्ड वाचून दाखवलं. या वेळी हळू वाचलं. कोणी बाईंना शिव्या दिल्या, सकूआजी म्हणाली, "शिव्या देऊ नका, तिचे गुडघे दुखतात. ती चढून तर आली."

बी विकत आणायचं तर आमच्या रानाचं, आमच्या उताराचं बी बाजारात मिळत नाही. दुसऱ्या गावात मागायला गेलं की वाढी लावतात, एका पायलीला दीड. तेव्हा आजीच म्हणाली, "पुरुष गेला तर वाढी लावतील. लेक गेली तर सूप भरतील. बाया, निघा आपापल्या माहेरी."

कोणाला दुसरं काही सुचत नव्हतं.

३ जून

भल्या सकाळी आठ बाया निघाल्या, आठ वाटांनी. नववी सकूआजी, तिच्या माहेरी आता भाचाच आहे, तरी ती पण गेली काठी टेकत. प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामी टोपली. कमूचं माहेर खोडाळ्याच्या पलीकडं, तिला सगळ्यात लांब.

जाताना म्हणाली, "तानीला बघ." मी कणगीचं काही बोललो नाही.

४ जून

पाड्यावर नुसते बाप आणि पोरं. सगळीकडून रडणं ऐकू येतंय, पोरांचं की बापांचं सांगता येत नाही.

तानी माझ्याकडं येईना. जवळ गेलो की कणगीच्या मागं लपते. शेवटी मी कणगीच्या दुसऱ्या बाजूला बसलो आणि तिनं माझ्याकडं ढकलली, मी तिच्याकडं ढकलली. असं किती वेळ. दुपारी जवळ्याची चिमूट भातात कालवून दिली. तिनं माझं बोट धरून तोंडात घातलं आणि चावलं. चांगले दात आलेत.

५ जून

ठकीताईकडं गेलो. केंद्रात काटा अजून आहे, खिचडी तेवढी नाही. तानीला झोळीत घालून आकड्याला लावली. मी तोंड फिरवलं नाही. सात किलो चारशे. या वहीत छापलेल्या मापांमध्ये वजन नाही, म्हणून "कंबर"च्या खाली लिहून ठेवलं.

बाईंना कार्ड लिहिलं. पहिल्यांदा रागाचं लिहिलं होतं, फाडलं. मग एवढंच, "तानी सात किलो चारशे. यंदा पाड्यावरचं एकही मूल गेलं नाही. तुमच्या शब्दावर आम्ही आमचं बी पोरांना घातलं. तुमचा शब्द नसता तरी हेच केलं असतं की नाही, सांगता येत नाही. गुडघ्यांना जपा."

६ जून

दुपारी कमू आली. पुढं तिची आई धोंडीबाई, टोपली आईच्याच डोक्यावर. बी लेकीच्या हाती सोडलं नाही तिनं, इतक्या लांब स्वतः घेऊन आली. मला बघून टोपली न उतरवताच सुरू झाली.

"काय जावाय, समुद्र आटला काय?"

"नाही, मामी."

"आमच्याकडं मेंबर आली नाही, बरं झालं. कागद वाचणारा जावाय पण आमच्या गावात कोणाला नाही. म्हणून बी राहिलं आमचं."

गोदी भिंतीआडून हसली.

धोंडीबाईनं टोपली उतरवली, घाम पुसला, तानीला उचललं. दंड दाबून बघितला, पाय दाबून बघितले, बाजारात कोंबडी बघतात तशी. मग बराच वेळ तिला तशीच धरून बसली. थोरला गेला तेव्हा ती आली होती, मी खडी मशीनवर होतो.

"ही माझीच नागली," शेवटी म्हणाली. "लग्नात कमूला दिली होती टोपलीभर. तेच बी तुम्ही सहा सालं पेरलं. खाल्लं तर माझ्या नातीनं खाल्लं, तुझं काय गेलं रे ओरडायला?"

"काही नाही."

"यंदा कुठं पळणार?"

मी म्हटलं, "लावणी होईपर्यंत तरी इथंच." त्यापुढचं मलाच माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. तिनं हुं केलं. एवढं खरं बोललेलं तिला पुरलं असावं.

कमूनं चुलीतली राख काढून सुपात पसरली, बियाला लावायला. पसरता पसरता थांबली. "माझं नाव अक्षरांत कसं काढतात?"

"आत्ता?"

"पुढचा कागद येईल तेव्हा तुझ्या तोंडून ऐकायचा नाही मला. जून लागला, शिक्षक आला नाही. तू तरी बसलायस रिकामा."

मी राखेत बोटानं 'क' काढला. तिनं खाली तसाच काढला, पोट जरा मोठं झालं. धोंडीबाई म्हणाली, "चांगलं आहे, जेवलेला दिसतो." मग ती राख बियाला चोळली, 'क' सकट.

कणगीतली बाहुली काढून तानीला दिली. बी ओतलं. नागलीचा आवाज तसा बारीकच, तरी घरभर ऐकू आला. धोंडीबाईनं स्वतः तोंड लिंपलं. पाऊस पडेपर्यंत दोन-चार दिवसांसाठी एवढं लिंपायची गरज नव्हती, पण तिला कोण सांगणार.

सगळे मागं सरकलो तशी तानी आली. दोन्ही हात कणगीला लावले आणि ढकलली. हलली नाही. पाय रोवून पुन्हा ढकलली. मग वळून माझ्याकडं बघितलं, जणू मीच काही तरी केलंय, आणि भोकाड पसरलं.

कमू हसायला लागली. धोंडीबाई हसली. मी तानीच्या मागं बसलो, माझे हात तिच्या हातांशेजारी टेकवले आणि जोर लावल्यासारखं केलं.

"नाही हलत गं," मी म्हटलं. "बघ, माझ्याच्यानं पण नाही हलत."